सालींचे तिम्मोजीमामा

आमच्या गल्लीत लग्न असलं की सगळे जेवायला जायचे. तिम्मोजीमामा साली आणायला जायचे.

मांडवात पंगत बसलेली असायची, वाढपी धावत असायचे, आणि मागच्या अंगणात आचाऱ्यांच्या शेजारी हे गृहस्थ दोन टोपल्या पुढ्यात घेऊन निवांत बसलेले. अंगात धुतलेला पांढरा अंगरखा, डोक्याला फेटा आणि हात कोपरापर्यंत काळपट तपकिरी. एका टोपलीत केळ्याच्या साली, दुसरीत डाळिंबाच्या. यजमान घाईघाईनं यायचे, "मामा, पान मांडलंय, चला ना." मामा हात जोडायचे. "येतो हो. तुमचा आचारी लिंबं पिळतोय, तेवढी होऊ द्यात. अष्टे."

अष्टे म्हणजे कानडीत 'एवढंच'. जगातली कितीही मोठी गोष्ट मामा त्या एका शब्दात गुंडाळून ठेवायचे. इंग्रज-जर्मनांची लढाई सुरू झाली तेव्हा सगळी गल्ली वर्तमानपत्राभोवती जमली होती. मामांनी बातमी ऐकली, म्हणाले, "दोन राजे भांडले, अष्टे," आणि टोपली उचलून चालू लागले.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. उष्टं नको. पानावरची साल ते शिवायचे नाहीत, विळीवरचीच घ्यायचे. "माणसाचं तोंड लागलं की साल लाजते वैनी. मग ती बोलत नाही."

साल बोलते, ही त्यांची ठाम समजूत. मी बेळगावहून लग्न होऊन म्हैसुरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच हे वाक्य ऐकलं आणि शेजारी वेडा आहे असं माहेरी पत्रात लिहून टाकलं. आमचं घर जुन्या बारगिरांचं. यांचे पणजोबा घोड्यावर बसून इकडं आले, आणि हे स्वतः सरकारी कचेरीत खुर्चीवर बसत. मागच्या भिंतीला भिंत लागून रंगाऱ्यांची गल्ली. पिढ्यान् पिढ्या लुगडी, फेटे, जाजमं रंगवणारी मराठी माणसं. घरात मराठी बोलायची, पण त्या मराठीत दर चार शब्दांमागं एक कानडी शब्द असा सहज बसलेला असायचा की कुठला कोणाचा ते कळू नये.

मी आले तेव्हा त्या गल्लीतले जुने रांजण बहुतेक पालथे पडले होते. जर्मनीहून डबीत भरून रंगाची पुडी यायची. ती पाण्यात टाकली की झाला रंग. साली, मुळं, पानं उकळत बसायला कोण तयार होणार? लढाई लागली आणि पुडी यायची थांबली, तेव्हा रंगारी हात चोळत ओट्यावर बसले. तिम्मोजीमामांनी मात्र पुडीला कधी हातच लावला नव्हता. त्यांना लढाईनं काही फरक पडला नाही.

खरं तर त्यांना रंगाचंही फारसं पडलेलं नव्हतं. त्यांच्या मनात वेगळंच होतं.

मार्केटच्या मागं एका शेट्टींचा मुरंब्याचा आणि सरबतांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार मोठ्या चुली आणि फळं सोलणाऱ्या दहाबारा बाया. मोठमोठ्या घरी मुरंबे तिथून जायचे. आणि मागच्या दाराला सालींचा डोंगर. आंबा, डाळिंब, संत्र, फणस, नंजनगूडची रसबाळी केळी. पूर्वी त्या डोंगराच्या वासानं शेजारपाजारचे लोक शेट्टींशी भांडायला यायचे. मग मामा आले. रोज सकाळी हातगाडी घेऊन ते तिथं हजर. शेट्टी म्हणायचे, "मी फळाचं गोड विकतो, तिम्मोजी माझं कडू घेऊन जातो."

मामांच्या घरी पायऱ्यांवर, कौलांवर, खिडक्यांत, जिथं जागा असेल तिथं साली वाळत असायच्या. डाळिंबाच्या साली वाळल्या की चामड्यासारख्या वळायच्या. संत्र्याच्या साली उन्हात बारीक तडतडायच्या. मग दुपारी मोठ्या तांब्याच्या हंड्यात ते त्या उकळायला घ्यायचे, आणि तो वास सुटला की सगळ्या गल्लीला एक गुंगी यायची. तुरट, कोमट, किंचित गोड वास. माझ्या सासूबाईंची पोथी हातातून निसटायची. गल्लीतली गाय रवंथ करता करता थांबायची. मी आमच्या गच्चीवर वाळवण राखत बसलेली असायचे आणि समोर मामांच्या दोऱ्यांवर ओली कापडं हलत असायची. कुठलं मधाच्या रंगाचं, कुठलं संध्याकाळी चामुंडीच्या डोंगरावर उजेड असतो तसं. वारा पडला की ती थांबायची, वारा आला की पुन्हा हलायची. किती तरी दुपारी मी त्यांच्याकडं बघत कुठल्या कुठं गेले आहे. बेळगावच्या घरी जाऊन, आईला भेटून, पुन्हा वाळवणापाशी येऊन बसले आहे.

"मामा, हे करता तरी काय?" मी एकदा विचारलंच.

मामांनी एक डाळिंब घेतलं. माझ्यासमोर धरलं.

"ह्यानं चार महिने ऊन खाल्लं. पाऊस खाल्ला. पाखरानं चोच मारली, किडा फिरून गेला. आत थेंब गेला नाही, दाणा नासला नाही. कुणी राखलं?"

"सालीनं."

"हौदु, बरोबर. मग आपण काय करतो? राखणदाराला उकिरड्यावर टाकतो." त्यांनी डाळिंब परत टोपलीत ठेवलं. "मी म्हणतो, ज्यानं फळ राखलं तो कापड राखेल. आणि कापड माणसाला राखेल. अष्टे."

म्हणजे मामांना सुती कापडावर सालींचा असा लेप चढवायचा होता की ते कुजू नये, त्याला कसर लागू नये, घामानं ओलाव्यानं ते नासू नये, आणि तरी ते कापडच राहावं, पुठ्ठा होऊ नये. लेप धरायला चिंचोक्याची खळ. बाकी सगळं सालींचं.

ह्या खटाटोपात मामा गल्लीतल्या घराघरांच्या साली बघायचे आणि त्यातून घराघराचं सगळं त्यांना कळायचं. कुणाकडं मोसंबीच्या साली वाढल्या की ते हळूच विचारायचे, "ताप कुणाला?" कुणाकडं पिकल्या केळ्यांऐवजी कच्च्या केळ्यांच्या साली आल्या की "पोट बिघडलं वाटतं." लग्नाच्या पहिल्या वर्षी चैत्रात मी तीन दिवस ओळीनं कैरीच्या साली त्यांच्या टोपलीत टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीकडं पाहिलं, मग जमिनीकडं पाहिलं आणि म्हणाले, "वैनी, उद्यापासून विहिरीचं पाणी तुम्ही ओढू नका. रघुनाथरावांना सांगा."

मी यांनासुद्धा अजून काही सांगितलं नव्हतं! मागं सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या तसाच हातात धरून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. नातवंडाची बातमी त्यांना कैरीच्या सालींनी दिली.

कापड टिकतं की नाही हे पाहायची मामांची रीतही निराळी होती. लेप दिलेली फडकी ते परसात ओल्या मातीत पुरायचे. दर फडक्याच्या कोपऱ्याला गाठी. जितक्या उकळ्या दिल्या तितक्या गाठी. पंधरा दिवसांनी उकरायचं, बघायचं, हुंगायचं, गालाला लावायचं. आता, एक माणूस संध्याकाळी परसात बसून खड्डे करतो आणि त्यात गाठी मारलेली फडकी पुरतो, म्हटल्यावर लोक काय म्हणणार? करणी म्हणणार. कुणीतरी चौकीवर सांगितलं. एक धिप्पाड शिपाई आला आणि त्यानं परस उकरायला घेतलं. गल्ली भिंतीवरून बघत होती. एकामागून एक बत्तीस फडकी निघाली. एकही टाचणी नाही, एकही लिंबू नाही.

"एनु इदु?" शिपाई ओरडला. काय आहे हे?

"कापडाची शेती, स्वामी," मामा नम्रपणे म्हणाले.

"पीक कधी येतं?"

"येऊ नये म्हणूनच पेरलंय."

शिपायानं त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्यानं एक फडकं उचलून हुंगलं, कपाळाचा घाम पुसला आणि ते खिशात घालून निघून गेला. मामा त्याच्यामागं रस्त्यापर्यंत धावले. "स्वामी, त्याला तीन गाठी आहेत, पंधरा दिवसांनी कसं आहे तेवढं सांगा!"

आमच्या घराला मामांचा प्रताप कळला तो त्याच वर्षी पावसाळ्यात. यांना कचेरीत चालत जावं लागे आणि कोट रोज भिजे. मामांनी कोट मागून नेला आणि फणसाच्या सालीचा चीक घालून त्याला लेप दिला. पहिल्या दिवशी हे मुसळधार पावसातून कचेरीत गेले, ते आतून कोरडे ठणठणीत. सगळ्या कारकुनांनी कोटाला हात लावून बघितला. मग अकराच्या सुमारास ऊन पडलं. खिडकीतून ते नेमकं यांच्या पाठीवर आलं. बाराला मोठे साहेब फिरतीवर आले, सगळे उठून उभे राहिले. हेही उभे राहिले, आणि यांच्याबरोबर खुर्चीही उभी राहिली.

"रघुनाथराव," साहेब म्हणाले, "खुर्ची कुठं नेताय?"

यांना कोटातून सोडवून घरी पाठवलं. कोट दोन दिवस खुर्चीवरच बसून होता. संध्याकाळी मामा विचारपूस करायला आले. हे रागानं लाल. मामांनी एकच विचारलं, "आतून ओला झाला होता?"

"नाही!"

"मग उरलंय ते चिकटपणाचं. अष्टे."

हसायला खूप होतं मामांच्यात. पण ते एकटे होते. घरात एक ताट, एक तांब्या, एक चटई. बायको प्लेगच्या साथीत वारली असणार, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. मी कधी विषय काढलाच तर ते फणसाकडं वळायचे नाहीतर आंब्याकडं. सालींबद्दल ते दोन तास बोलत. स्वतःबद्दल दोन शब्दही नाहीत. संध्याकाळी दिवेलागणीला ते एकटेच ओट्यावर बसून एखादं कापड गालाला लावून डोळे मिटून असायचे. आपण हाक मारली की लांबून कुठून तरी परत यायचे.

आमची मुलगी हिवाळ्यात झाली. महिन्याची असताना तिच्या मांड्यांना, काखेला लाल चट्टे उठले, मग कातडं सोलवटलं. लंगोट लावला की तो जखमेला चिकटायचा, काढताना पोर जीव खाऊन किंचाळायची. वैद्यांचा लेप झाला, हळद झाली, तूप झालं. दोन दिवस, दोन रात्री ती रडत होती आणि मी तिच्याबरोबर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात. हातात घड्या घातलेली फडकी. स्वतःचीच जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं फाडून केलेली. रंग फिक्या मधाचा. मी हात लावला तर कापड वाटेना. पाकळी वाटावी असं.

"डाळिंबाची साल आणि खळ, बाकी काही नाही. फणस अजिबात नाही," मामा घाईघाईनं म्हणाले. "चिकटणार नाही."

सासूबाई आडव्या आल्या. "रंगाऱ्याच्या हंड्यातलं कापड माझ्या नातीच्या अंगाला? माझ्या लेकाला खुर्चीला चिकटवलंत, आता पोरीला पाळण्याला?"

मामांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. नडगीवर चारपाच बोटं लांबीची एक खरवडलेली जखम होती, वाळून बरी होत आलेली.

"हे काय?"

"परवा पोर रडताना ऐकलं. माझं माझंच दगडानं खरवडून घेतलं, आणि हे बांधून ठेवलं. आज सोडलं. बघा, कुठं चिकटलंय?"

सासूबाई बाजूला झाल्या.

चार दिवसांत पोरीचं कातडं कोरडं झालं. पाचव्या दिवशी ती दुपारभर झोपली. मी बाहेर आले तर मामा आमच्या पायरीवर उभे. काही नेहमीसारखं मागायला आले नव्हते. नुसते ऐकत होते.

"झोपली?"

"झोपली मामा."

"किती वेळ?"

"जेवण झाल्यापासून."

त्यांनी मान हलवली आणि पाय न वाजवता निघून गेले.

ही गोष्ट यांनी कचेरीत सांगितली आणि ती फिरत फिरत उद्योग खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या कानावर गेली. ते स्वतः गल्लीत आले. लढाईचे दिवस, दवाखान्यांना जखमांवर बांधायला कापड हवं होतं, बाहेरून काही येत नव्हतं. साहेबांनी कापड चुरगाळलं, भिजवलं, हुंगलं, आणि शेवटी, मी डोळ्यांनी पाहिलं, गालाला लावलं. म्हणाले, "दसऱ्याच्या प्रदर्शनात हे मांडा. चाळीस नग करा. तुम्ही स्वतः उभे राहा आणि मोठ्या लोकांना करून दाखवा. पसंत पडलं तर सगळ्या गल्लीला काम मिळेल."

सगळ्या गल्लीला! पालथे पडलेले रांजण सुलटे झाले. ओट्यावर हात चोळत बसलेले रंगारी मामांकडं सल्ला विचारायला आले. त्यांच्यातले वडीलधारे तुकाप्पा, जे दहा वर्षं मामांना 'उकिरडेवाला' म्हणत आले होते, तेही आले आणि त्यांनी हंडा ढवळला. दोन महिने गल्लीत दुसरा विषय नव्हता. आम्ही बायकांनी चाळीस कापडांच्या कडा शिवल्या. मामांनी नवा फेटा रंगवला, तोही डाळिंबाचाच. बोलताना अडखळू नये म्हणून ते आमच्या गच्चीवर येऊन भाषण म्हणून दाखवायचे आणि तिसऱ्याच वाक्याला फणसात शिरायचे.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. टांगा दाराशी उभा. तुकाप्पा कोट घालून तयार. मामांच्या दाराला कुलूप.

खिडकीतून पाहिलं. चुलीवर हंडा कोमट होता. दोरीवर नवा फेटा तसाच. आणि चाळीसच्या चाळीस कापडं गायब.

त्या दिवशी प्रदर्शनात काय झालं ते विचारू नका. रिकाम्या मेजामागं हे उभे राहिले. मोठी मंडळी आली तेव्हा साहेबांनी विचारलं, "कापड कुठं आहे?" यांनी सांगितलं, "येतंय." दिवस मावळला, कापड आलं नाही. गल्लीत तुकाप्पा मोठमोठ्यानं बोलत होते. "कुणाला तरी विकून पळाला. साली गोळा करणाऱ्याच्या नादाला लागलो, आपलीच चूक!" मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझ्या हातच्या कडा होत्या त्या कापडांना.

दोन दिवसांनी शेट्टींच्या कारखान्यातली एक बाई म्हणाली, त्या दिवशी पहाटे हुणसूर गावाहून एक माणूस तिम्मोजीला शोधत आला होता. 'अक्का पडून आहे' असं काहीतरी म्हणत होता. मी यांना म्हटलं, आपण जाऊ. हे म्हणाले, जाऊ, आणि मी त्याला चार शब्द सुनावतो.

टपाल नेणाऱ्या मोटरीतून आम्ही हुणसूरला गेलो. म्हैसूरचे रंगारी कुठं, विचारत विचारत एका बैठ्या घरापाशी आलो. दारात पन्नाशीचा एक माणूस बैलांना वैरण घालत होता. त्यानं आम्हाला पाहून हात पुसले.

"बन्नी, या, बसा. मी भीमराव. तिम्मोजी माझे दाजी. स्वल्प थांबा, ते आत अक्काची पाठ पुसतायत."

"कोण अक्का?" हे म्हणाले.

"माझी बहीण. त्यांची बायको."

आम्ही दोघं तसेच ओट्यावर टेकलो. भीमरावांनी गुळाचं पाणी दिलं आणि मग हळू आवाजात, बैलांकडं बघत सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी म्हैसुरात प्लेग होता. लोक गाव सोडून रानात झोपड्यांत राहायला गेले. मामांकडं तेव्हा निळीचा रांजण होता. निळीचा रांजण म्हणजे तान्हं मूल. रोज ढवळावं लागतं, ऊब द्यावी लागते, दोन दिवस बघितलं नाही तर मरतो. मामांनी बायकोला आणि म्हाताऱ्या आईला रानात धाडलं आणि आपण ओस गावात रांजणापाशी राहिले. रानात आई आजारी पडली. बायकोनं निरोप धाडला. मामा गेले नाहीत. पुन्हा धाडला. तिसऱ्या दिवशी आई गेली. त्या बाईनं एकटीनं सासूचं सगळं केलं, झोपडी झाडून ठेवली आणि तिथूनच चालत माहेरची वाट धरली. परत गेली नाही. मामा न्यायला आले तर समोर आली नाही, बोलली नाही. दरवर्षी ते येत, ह्याच ओट्यावर बसत, पाणी पिऊन परत जात.

"आणि नीळ?" मी विचारलं.

"ती दोन वर्षांत पुडीनं मारली."

आता भाद्रपदात बहिणीवरून वारं गेलं होतं. उजवं अंग लुळं, जीभ लुळी. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, चादर चिकटायला लागली, कुणाला हात लावू देईना. तेव्हा भीमरावांनी न विचारता म्हैसूरला माणूस धाडला.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. साहेब रागावले, पण मामींना वापरून उरलेली कापडं त्यांनी ठेवून घेतली आणि ती दवाखान्यात गेली. लढाई होती तोवर गल्लीला थोडंफार काम मिळालं. लढाई संपली, पुडी परत आली, रांजण पुन्हा पालथे पडले. मामींना मामांनी म्हैसूरला आणलं, गाडीत गवताची गादी करून. तीन वर्षं त्या आमच्या भिंतीपलीकडं राहिल्या. पाठीला पुन्हा जखम झाली नाही.

पण मला आठवते ती हुणसूरची दुपार. दार अर्धं उघडं होतं. आत कौलातून उन्हाचा एक पट्टा आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. बाई भिंतीकडं तोंड करून कुशीवर होत्या, पांढरे केस नीट विंचरलेले. पाठीखाली आमच्या कडांची मधाच्या रंगाची कापडं. मामा खाली बसून एक काढत होते, एक घालत होते आणि बोलत होते. शेट्टींकडच्या कुठल्या बाईला मुलगा झाला. तुकाप्पांनी हंडा कसा ढवळला. वाक्य संपलं की थांबायचे, जरा वाट बघायचे, मग पुढं जायचे.

आमची चाहूल लागली तसे ते बाहेर आले. यांनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मामा, साहेब विचारत होते."

"चाळीसातली एकोणीस लागली," मामा म्हणाले. "उरलेली घडी करून ठेवलीत. न्या. माझी चूक झाली म्हणून सांगा."

"निदान निरोप तरी ठेवायचा."

मामांनी फेट्याशिवायच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, तेव्हा तिचा निरोप आला तर मी म्हटलं होतं, रांजण आज ढवळला नाही तर मरेल, उद्या येतो. ह्या वेळी माणूस दारात आला आणि मला वाटलं, थांबलो, कुणाशी दोन शब्द बोललो, तर तोंडातून पुन्हा 'उद्या' निघेल. म्हणून जे हाताशी होतं ते घेतलं आणि निघालो."

आम्ही दोघं पुन्हा ओट्यावर टेकलो. मला मामांना विचारावंसं वाटलं, मामी काही म्हणाल्या का? सोळा वर्षं त्या रागानं बोलल्या नाहीत, आता बोलता येत नाही. हे कसं विचारायचं?

तेवढ्यात आतून आवाज आला. पितळेच्या वाटीवर चमचा आपटल्याचा. एकदा, मग थोडं थांबून दोनदा.

"पाणी हवंय का?" मी उठले.

"इल्ला, पाणी नको," भीमराव म्हणाले. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. "डावा हात चालतो ना तिचा. दाजी गप्प बसले की ती वाजवते."

मामा लगबगीनं उंबरा ओलांडून आत गेले. "आलो, आलो," त्यांचा आवाज आला. "कुठवर आलो होतो? हां, तर तुकाप्पा म्हणाला..."